पाकट माशांच्या वर्गीकरणाचा इतिहास : नमुना, नाव आणि बंदर

प्रास्ताविक

प्राणिवर्गीकरणाचा इतिहास हा आपल्याकडे दोन विभागांच्या मधल्या भिंतीवर पडून राहिलेला विषय आहे. प्राणिशास्त्राचे अध्यापक त्याला इतिहास समजतात आणि इतिहासाचे अध्यापक प्राणिशास्त्र. वास्तविक एखाद्या प्राण्याचे शास्त्रीय नाव हे ताम्रपटाइतकेच ऐतिहासिक साधन असते. ते कोणी दिले, कोणत्या नमुन्यावरून दिले, तो नमुना कोणत्या बंदरातून कोणत्या संग्रहालयात गेला, हे प्रश्न कोणत्याही दस्तऐवजाला विचारावेत तसे नावालाही विचारता येतात. प्रस्तुत लेखात कोकणात ज्याला आपण पाकट म्हणतो त्या चपट्या, लांब शेपटीच्या, काटेधारी माशाच्या संदर्भात हे प्रश्न विचारले आहेत. लेखाचा कालखंड सामान्यतः इ.स. १७५८ ते २०१८ असा आहे.

पाकटाच्या बाबतीत एक साधी भौतिक अडचण इतिहास घडवून गेली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मोठा पाकट बरणीत मावत नाही. बोटभर लांबीचा मासा मद्यार्कात बुडवून लंडनला किंवा बर्लिनला पाठविता येत असे. दीड-दोन मीटर रुंदीचा पाकट पाठविता येत नसे. परिणामी या माशांची शास्त्रीय नावे पुष्कळदा पिल्लांवरून, वाळलेल्या कातड्यांवरून अथवा चित्रांवरून दिली गेली. पुढील दोन शतकांतील गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

शरीररचना आणि जीवनक्रम

पाकट हा मुशीचा आप्त आहे. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. छातीचे दोन्ही पर डोक्याच्या पुढेपर्यंत वाढून डोके व धड यांच्याशी एकजीव झालेले असल्यामुळे शरीराला थाळीसारखा आकार येतो. तोंड आणि कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूस, डोळे वरच्या बाजूस. वाळूत पुरून बसलेला पाकट डोळ्यांमागील छिद्रांतून पाणी आत घेतो आणि खालच्या फटींतून बाहेर सोडतो. त्याचे खाद्य प्रामुख्याने तळावरील खेकडे, कोळंबी, शिंपले, कृमी व लहान मासे हे होय.

शेपटीवरील काटा हे त्वचेवरील दंतसदृश खवल्याचे रूपांतर आहे. त्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले दाते असतात व खालच्या बाजूच्या खोबणींत विषारी ऊती असते. काटा झडतो आणि नवा येतो. प्राचीन लेखकांना या काट्याने चांगलेच भारून टाकले होते. प्लिनीने तो झाडाच्या मुळात खुपसल्यास झाड मरते व चिलखतही भेदतो असे लिहून ठेवले; ग्रीक परंपरेत ओडिसियसचा मृत्यू पाकटाच्या काट्याचे टोक लावलेल्या भाल्याने झाल्याची कथा आहे. प्रत्यक्षात पाकट आपण होऊन हल्ला करणारा प्राणी नव्हे. पाय पडला किंवा कोंडीत सापडला तरच तो शेपटी उगारतो. २००६ साली ऑस्ट्रेलियन निसर्गप्रसारक स्टीव्ह अर्विन यांच्या मृत्यूने हा काटा जगभर चर्चेत आला, तो अपवादात्मक अपघात होता.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग प्रजननाचा आहे. हे मासे पिल्लांना जन्म देतात हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होते. कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांचा त्याने स्वतंत्र गट मानला आणि त्यातील बहुतेकांची अंडी पोटातच फुटून पिल्ले बाहेर येतात असे नोंदविले. मात्र नाळेविना वाढणाऱ्या पिल्लाचे पोषण कसे होते, याचा उलगडा व्हायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले, आणि त्यात बंगालच्या उपसागराचा व कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचा मोठा वाटा आहे. म्युझियमचे अधीक्षक जेम्स वुड-मेसन आणि ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावरील शल्यवैद्य-निसर्गाभ्यासक आल्फ्रेड ऑलकॉक यांनी १८९१ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक निबंध प्रसिद्ध केला. गर्भाशयाच्या अस्तरावर लांब तंतूंची झालर असते, तिच्यातून दुधासारखा पोषक द्राव स्रवतो, आणि या तंतूंचे झुबके पिल्लाच्या डोळ्यांमागील छिद्रांतून थेट त्याच्या घशात शिरलेले असतात, असे त्यांनी दाखवून दिले. मासा पिल्लाला गर्भात ‘दूध’ पाजतो ही कल्पना त्या काळच्या वाचकांना किती विलक्षण वाटली असेल! पुढच्याच वर्षी ऑलकॉक यांनी ‘ट्रायगॉन ब्लीकेरी’ या पाकटाच्या गर्भधारणेवर स्वतंत्र टिपण लिहिले.

आता यातील नावांकडे पाहावे. १८९१ च्या निबंधातील मासा ‘टेरोप्लॅटिया मायक्रूरा’ म्हणून नोंदलेला आहे. हा फुलपाखरी पाकट. तो पाकटांच्याच गणातील, पण वेगळ्या कुलातील आहे. ‘मायक्रूरा’ हे नाव ब्लॉख व श्नायडर यांनी १८०१ साली दक्षिण अमेरिकेच्या सुरिनाम किनाऱ्यावरील माशाला दिले होते. आजच्या वर्गीकरणानुसार ती अटलांटिक महासागरातील जाती आहे. भारतीय किनाऱ्यावर सर्रास सापडणारा फुलपाखरी पाकट म्हणजे ‘जिम्न्युरा पीसिल्युरा’. म्हणजे बंगालच्या उपसागरातील मादीच्या गर्भाशयात पाहिलेले सत्य अटलांटिकमधील माशाच्या खाती जमा झाले. निरीक्षण अचूक, खाते चुकीचे. अशा नोंदी वाचताना आधी त्या काळातले नाव आजच्या नावात फिरवून घ्यावे लागते, अन्यथा सगळा भूगोलच चुकतो.

अरबी, तेलुगू आणि लॅटिन

कार्ल लिनियसने १७५८ सालच्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत भूमध्य समुद्र व युरोपीय किनाऱ्यावरील पाकटाला ‘राया पास्टिनाका’ असे नाव दिले. ‘राया’ या एकाच प्रजातीत त्याने सगळे चपटे कूर्चामत्स्य कोंबले होते. एवढेच नव्हे, तर मुशी आणि पाकट यांना त्याने माशांत न घालता उभयचरांच्या वर्गात, ‘पोहणारे उभयचर’ म्हणून, स्थान दिले. आज हे हास्यास्पद वाटते. परंतु कल्ल्यांना झाकण नसलेल्या, पिल्ले घालणाऱ्या या प्राण्यांना कोठे बसवावे हा त्याच्यापुढचा खरा पेच होता.

हिंदी महासागरातील पाकट शास्त्रीय वाङ्मयात आले ते डॅनिश अरबस्तान मोहिमेतून (१७६१-६७). लिनियसचा शिष्य पीटर फॉर्स्कॉल तांबड्या समुद्रातील मासे कातडी पसरून, वनस्पतींप्रमाणे कागदावर वाळवून ठेवीत असे. १७६३ साली येमेनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मोहिमेतून एकटा जिवंत परतलेला कार्स्टेन नीबूर त्याच वर्षी मुंबईस आला व सुमारे वर्षभर येथे राहिला. त्यानेच १७७५ साली फॉर्स्कॉलची टिपणे प्रसिद्ध केली. त्यांतील ‘सेफेन’, ‘उआर्नाक’, ‘लिम्मा’ ही नावे लॅटिन नाहीत. ती किनाऱ्यावरील अरबी बोलीतून घेतलेली आहेत. ‘सेफेन’चा संबंध तर खरखरीत कातड्याच्या अरबी शब्दाशी आहे. मासा ज्या उपयोगासाठी लोकांना माहीत होता, तो उपयोगच त्याच्या शास्त्रीय नावात शिरला.

पूर्व किनाऱ्यावर हेच काम पॅट्रिक रसेल या वैद्याने केले. कंपनीचा निसर्गाभ्यासक म्हणून विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर जमविलेल्या दोनशे माशांची वर्णने व चित्रे त्याने १८०३ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. चित्रे स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतलेली होती. रसेलने बऱ्याच माशांना लॅटिन नाव न देता तेलुगू नावाखालीच त्यांचे वर्णन केले. पाकट-वर्गीयांना तो ‘टेंकी’ म्हणतो. ‘टेंकी कुन्सुल’ या त्याच्या माशावरून जॉर्ज शॉ यांनी १८०४ साली वर उल्लेखिलेल्या ‘पीसिल्युरा’चे नामकरण केले. ‘वोल्गा टेंकी’वरून म्युलर व हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८४१ साली ‘वाल्गा’ हे जातिनाम घेतलेले दिसते. रशियातील नदीशी या नावाचा काडीचाही संबंध नाही! मासा ओळखणारा कोळी अनामिक राहिला, मात्र त्याच्या तोंडचा शब्द लॅटिन विभक्तीविना ग्रंथात टिकला. मराठी ‘पाकट’ला असे भाग्य लाभले नाही.

मुंबईचे एक वाळलेले कातडे

मराठी शब्दाला नसले तरी मुंबई बंदराला या इतिहासात स्थान आहे, आणि ते फारसे परिचित नाही. १८०१ साली बर्लिन येथून प्रसिद्ध झालेल्या ब्लॉख व श्नायडर यांच्या ग्रंथात ‘राया अस्पेरिमा’ या जातीचे वर्णन आहे. हे वर्णन मुंबईहून मिळालेल्या एका अपुऱ्या, वाळलेल्या कातड्यावरून केलेले होते. ब्लॉखचे १७९९ सालीच निधन झाले होते. ग्रंथ श्नायडर यांनी पुरा केला. ‘अस्पेरिमा’ म्हणजे अत्यंत खरखरीत. या पाकटाच्या पाठीवर साळिंदरासारखे टोकदार काटे दाट उगवलेले असतात, मात्र शेपटीवर विषारी काटा मुळीच नसतो. म्हणजे काटेधारी शेपटीवरूनच ओळखल्या जाणाऱ्या कुलातला हा बिनकाट्याच्या शेपटीचा सदस्य. वाळलेले कातडे हातात घेऊन ही गोष्ट कोणाच्या लक्षात येणे कठीण होते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावयास हवे. ‘मुंबई’ हे या जातीचे आदर्शस्थान मानले जाते; पण ते कातडे मुंबईच्या समुद्रातलेच होते काय? ही जाती प्रवाळांच्या आसपासच्या वालुकामय तळावर राहणारी आहे व तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत पसरलेली आहे. तिचे कातडे तलवारीच्या मुठी व ढाली मढविण्यास वापरीत, म्हणजे ती व्यापाराची वस्तू होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबई हे एडन, मस्कत, मलबार व सुरत यांना जोडणारे बंदर होते. तेव्हा कातडे मुंबईहून निघाले एवढेच या नोंदीवरून सिद्ध होते. मासा कोठे पोहत होता हे सिद्ध होत नाही. प्राणिभूगोलातील कित्येक जुन्या स्थलनोंदी प्रत्यक्षात बंदरांच्या नोंदी आहेत, असा संशय घेण्यास येथे वाव आहे.

म्युलर व हेन्ले यांनी कूर्चामत्स्यांवरील आपल्या ग्रंथकार्यात या माशासाठी ‘युरोजिम्नस’, म्हणजे उघड्या शेपटीचा, अशी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. ‘हिमँटुरा’ आणि ‘टीनियुरा’ या प्रजातीही त्यांच्याच. परंतु त्यांनी रचलेली ही बारीक विभागणी भारतात फारशी रुजली नाही. मत्स्यव्यवसायाचे इन्स्पेक्टर जनरल फ्रान्सिस डे यांच्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’ (१८७५-७८) या ग्रंथात उआर्नाक, सेफेन, वाल्गा यांसारखे भारतीय पाकट पुन्हा ‘ट्रायगॉन’ या एकाच प्रजातीखाली एकत्र आले. डे यांच्या ग्रंथाचा दरारा एवढा, की पुढची कित्येक दशके भारतीय मत्स्यशास्त्र त्याच चौकटीत चालले. ‘ट्रायगॉन’ हे नाव १८१६ सालचे. राफिनेस्कचे ‘डॅसिॲटिस’ हे १८१० सालचे असल्याने अग्रक्रमाच्या नियमानुसार ते केव्हाच मागे पडले. तरीही अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकाच्या कित्येक आवृत्त्यांतून विद्यार्थी ‘ट्रायगॉन’च पाठ करीत आले आहेत. ग्रंथालयातली धूळ झटकता येते, पाठ्यपुस्तकातली नाही.

नदीतील पाकट

पाकटांचे वितरण मुख्यतः उष्ण व समशीतोष्ण सागरी किनाऱ्यांवर आहे आणि जातींची सर्वाधिक विविधता हिंदी व पश्चिम प्रशांत महासागरांत आढळते. जांभळा पाकट तेवढा तळ सोडून खुल्या समुद्रात संचार करतो. काही पाकट मात्र नद्यांत शिरले. दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहणारे पाकट वेगळ्या कुलातील असून खाऱ्या पाण्याशी त्यांचे नाते पूर्णपणे तुटले आहे. रक्तात युरिया साठवून ठेवण्याची समुद्री पाकटांची क्षमताही ते गमावून बसले आहेत. आशियातील नद्यांतले पाकट समुद्री कुलातीलच आहेत.

गंगेतील पाकटाची पहिली शास्त्रीय नोंद फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांच्या १८२२ सालच्या गंगेतील माशांवरील ग्रंथात येते. भरतीचे पाणी पोहोचते त्याच्या कितीतरी वर, कानपूरजवळही पाकट सापडतो, हे त्यांना आश्चर्याचे वाटले व त्यांनी त्याला ‘राया फ्लुव्हिआटिलिस’, म्हणजे नदीतला पाकट, असे नाव दिले. हॅमिल्टन भारत सोडून जाताना त्यांची चित्रे गव्हर्नर जनरलने कोलकात्यातच ठेवून घेतली होती, त्यामुळे ग्रंथ पुरा करताना त्यांची मोठी गैरसोय झाली. या पाकटाचा नमुना कोठेही जपलेला नाही. नाव आहे, पण नावाचा धनी नाही. पुढे अभ्यासकांनी ते नाव कधी सेफेनशी, कधी दुसऱ्या नदीवासी पाकटाशी जोडले. इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी १९०९ साली ‘गोल्डन क्राउन’ या जहाजाने पकडलेल्या पाकटांवर लिहिताना हेच नाव वापरले, परंतु त्यांच्यासमोरचा मासा हॅमिल्टन यांचाच होता असे म्हणण्यास आधार नाही.

याच सुमारास आग्नेय आशियात दुसरी गुंतागुंत वाढत होती. पीटर ब्लीकर या डच लष्करी वैद्याने १८५२ साली जकार्ता येथील सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीच्या पिल्लावरून ‘ट्रायगॉन पॉलिलेपिस’चे वर्णन केले. ते विस्मरणात गेले. १९९० साली थायलंडमधील नदीतल्या महाकाय पाकटाला ‘हिमँटुरा चाओफ्राया’ असे नवे नाव मिळाले, आणि २००८ साली ध्यानात आले की ब्लीकर यांचे पिल्लू आणि हा महाकाय पाकट एकच आहेत. २०२२ साली कंबोडियात मेकाँग नदीत पकडून, मोजून सोडून दिलेली या जातीची मादी सुमारे ३०० किलो वजनाची आणि जवळजवळ ४ मीटर लांबीची होती. गोड्या पाण्यातील आजवर नोंदलेला हा सर्वांत मोठा मासा होय. एवढा मोठा प्राणी १८ वर्षे दोन नावांनी वावरत होता.

म्यानमारमधील चिंडविन नदीतील पाकटासाठी २००७ साली ‘मकरराज’ अशी प्रजाती स्थापन झाली. आपल्या पुराणांतील मकर अशा रीतीने मत्स्यशास्त्रात दाखल झाला.

२०१६ ची फेरमांडणी आणि तिच्यानंतर

रेण्वीय अभ्यासामुळे या क्षेत्रात मोठी उलथापालथ झाली. २०१२ साली नेलर आणि सहकाऱ्यांनी मुशी व पाकट यांच्या चार हजारांहून अधिक नमुन्यांच्या डीएनए क्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१६ साली लास्ट, नेलर व मांजाजी-मात्सुमोतो यांनी पाकट कुलाची नवी मांडणी केली. तीत चार उपकुले व १९ प्रजाती आहेत. भारतीय वाचकाच्या दृष्टीने या मांडणीतून दोन गोष्टी घडल्या. ‘डॅसिॲटिस’ ही प्रजाती आक्रसली आणि आपल्या किनाऱ्यावरील झुगेई, मायक्रॉप्स यांसारख्या जाती वेगळ्या प्रजातींत गेल्या. ‘हिमँटुरा’तील वाल्गा ‘ब्रेव्हिट्रायगॉन’मध्ये गेला. आणि मेकाँगचा तो महाकाय पाकट ‘युरोजिम्नस’मध्ये आला, म्हणजे मुंबईहून गेलेल्या त्या वाळक्या कातड्याच्या प्रजातीत.

ठिपकेदार ‘उआर्नाक’ची कथाही अशीच आहे. वयाप्रमाणे ठिपक्यांची नक्षी बदलत असल्याने पिल्लू व प्रौढ वेगळे समजले गेले आणि उलट वेगळ्या जाती एक समजल्या गेल्या. २००८, २०१३ व २०१६ या वर्षांत या गटातून लेपर्डा, टुटुल व ऑस्ट्रेलिस या तीन जाती वेगळ्या काढण्यात आल्या.

हा केवळ नावांचा खेळ आहे असे कोणी म्हणेल. परंतु नावावर कायदा उभा असतो. जुलै २००१ मध्ये केंद्र शासनाने सर्व मुशी व पाकट यांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घातले. डिसेंबर २००१ मध्ये ही यादी दहा जातींपुरती मर्यादित करण्यात आली. त्या दहांत दोन पाकट होते. एक ‘युरोजिम्नस अस्पेरिमस’, ज्याचा आधार एक अपुरे कातडे. दुसरा ‘हिमँटुरा फ्लुव्हिआटिलिस’, ज्याला आधारनमुनाच नाही. एखाद्या मासळी उतरण्याच्या धक्क्यावर पंचनामा करणाऱ्या अधिकाऱ्याने समोरचा मासा ‘फ्लुव्हिआटिलिस’ आहे की नाही हे कशाशी ताडून पाहावे? २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तरी मधल्या दोन दशकांतील संरक्षण अशा नावावर टांगलेले होते.

आकडेवारीचेही तसेच. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीच्या वार्षिक आकडेवारीत मुशी, पाकट अशा ढोबळ रकान्यांत नोंद होत आली आहे. पाकट उशिरा वयात येतो, एका वेळी थोडीच पिल्ले घालतो. एखादी मोठी जाती झपाट्याने कमी झाली आणि तिची जागा लहान जातीने घेतली, तर रकान्यातील एकूण टनांत ते चटकन दिसत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात मुशी-पाकट वर्गातील १,१९९ जाती तपासण्यात आल्या आणि एक-तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. जातिनिहाय नोंद नसेल तर आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब कोणत्या आधारे मांडणार?

निळ्या ठिपक्यांच्या पाकटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८४१ पासून तांबड्या समुद्राच्या दक्षिणेपासून जपानपर्यंत कोठेही सापडलेल्या अशा पाकटाला ‘कुह्लिई’ म्हणण्याची प्रथा होती. २०१६ साली ते नाव सॉलोमन बेटांच्या परिसरातील माशापुरते मर्यादित झाले. २०१८ साली मुंबईच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज एज्युकेशनमधील संशोधकांच्या सहभागाने भारतीय किनाऱ्यावरील जातीचे स्वतंत्र वर्णन ‘निओट्रायगॉन इंडिका’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याआधीच्या १७७ वर्षांत आपल्या धक्क्यांवर उतरलेला, विकलेला व नोंदलेला हा मासा ग्रंथांतून प्रशांत महासागरातील एका बेटावरील माशाच्या नावावर मांडलेला आहे, आणि त्या नोंदी एकेक करून पुन्हा वाचाव्या लागणार आहेत.